पहिला नंबर आणि नळाचा दिवस

सप्टेंबर 2025 मधली गोष्ट. पुण्याला कारखान्यात असलेल्या आमच्या मुलाचा रात्री फोन आला. "बाबा, बातमी वाचली का? अमरावती देशात पहिली आली. हवा स्वच्छ म्हणून दिल्लीत बक्षीस मिळालं. आता तरी आजीला अकोल्याहून तिकडं घेऊन या आणि प्लॉटचं पक्कं करून टाका."

आम्ही दोघे नवराबायको बडनेऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. बडनेरा अमरावती महानगरपालिकेतच येते. एस.टी.ची नोकरी संपली, निवृत्तीचे पैसे हाती आले आणि घराचा विषय निघाला. अकोल्याला आई एकटी. तिला दम्याची धाप. थंडी सुरू झाली की रात्र रात्र उशाला बसून काढते. तेव्हा पहिल्या नंबरच्या हवेत तिला आणावे, हे मुलाचे म्हणणे आम्हालाही पटले.

दुसऱ्या दिवशी आईला फोन लावला. ती सारे ऐकून घेऊन म्हणाली, "नंबर आला त आला बापा. पन तथं नळ कोन्त्या दिवशी येते, थे सांग आंधी."

आम्ही हसलो. पण पुढचे तीन-चार महिने तिच्या त्या एका प्रश्नाने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही.

बातमी खरीच होती. 9 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीत केंद्रीय पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांच्या हस्ते स्वच्छ वायू सर्वेक्षणाचे पुरस्कार दिले गेले. तीन ते दहा लाख लोकवस्तीच्या शहरांत अमरावती पहिली आली आणि तिला 75 लाखांचे बक्षीस मिळाले. 2023 सालीही अमरावतीच पहिली होती. 2024 साली फिरोजाबाद पहिले आणि अमरावती दुसरी. मोठ्या शहरांच्या गटात 2025 साली इंदूर पहिले आले. आपल्या वऱ्हाडाचे नाव दिल्लीत घेतले जाते याचा आम्हाला अभिमान वाटला, तो आजही आहे.

मग आम्ही जरा खोलात शिरलो. त्यासाठी फार शिकलेले असावे लागत नाही. थोडी चिकाटी लागते आणि विहारातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांची मदत लागते. ही स्पर्धा देशातल्या साऱ्या गावांची नाही, हे त्यातून कळले. केंद्र सरकारने 2019 साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा वर्षानुवर्षे ठरवून दिलेल्या मर्यादेत बसत नव्हती, ती शहरे त्यात घेतली. 2025 ची स्पर्धा अशा 130 शहरांमधली होती. त्या यादीत अमरावती आहे, तसेच अकोलाही आहे. म्हणजे हा वर्गच मुळी नापास झालेल्या मुलांचा. त्यातून एक मुलगा पहिला आला, त्याने मेहनत केली, त्याची पाठ थोपटलीच पाहिजे. पण म्हणून तो मॅट्रिकला बोर्डात आला असे कोणी म्हणू नये. जी गावे या यादीतच नाहीत, त्यांना नंबरच नाही. मग त्यांची हवा वाईट समजायची की चांगली?

आणखी एक गोष्ट समजली. या परीक्षेत गुण मुख्यत्वे कामांना आहेत. कचरा जाळणे थांबवले का, रस्त्याची धूळ कमी केली का, बांधकामाच्या मलब्याची सोय केली का, गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर आवरला का, लोकांना समजावले का. ही माहिती शहराने आधी आपली आपणच भरायची, मग वरून तपासणी होते. श्वासावाटे छातीत जाणारे धुळीचे बारीक कण प्रत्यक्षात किती घटले, याला एकूण गुणांतला फारच लहान वाटा आहे. कामांना गुण देऊ नयेत असे आमचे म्हणणे नाही. कडेपर्यंत पक्के रस्ते झाले, बागा वाढल्या, तर धूळ कमी होणारच. परंतु आईच्या छातीला कामाचा अहवाल कळत नाही, तिला फक्त हवा कळते. आपल्या देशाच्या मापाप्रमाणे या कणांची वर्षाची सरासरी एका घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत असावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली तेच माप 15 वर आणले. पहिला नंबर कोणाचा, यापेक्षा आपल्या चौकातला हा आकडा किती, हे दमेकऱ्याच्या घराला जास्त उपयोगाचे.

वाचकहो, असे नंबर आता चहूकडून येतात. स्वच्छ सर्वेक्षण 2016 साली 73 शहरांपासून सुरू झाले, पुढे ते हजारो शहरांवर गेले. राहण्यास सोयीच्या शहरांची पहिली यादी 2018 साली निघाली तेव्हा पुणे, नवी मुंबई आणि मुंबई असे पहिले तीनही नंबर आपल्या महाराष्ट्राचे होते. मुंबईच्या चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्या आमच्या नातेवाइकांना ही बातमी सांगितली तर ते म्हणाले, "आमच्या मोरीत येऊन सांगा." मार्च 2021 मध्ये सरकारने एकाच दिवशी दोन याद्या काढल्या. मोठ्या शहरांत राहायला सगळ्यांत चांगले म्हणून बंगळुरू पहिले आले आणि महापालिकेच्या कारभारात इंदूर पहिले आले. कारभार आणि सुख यांचे नंबर एक नव्हेत, हे सरकारी कागदानेच दाखवून दिले, याहून मोठा पुरावा कोणता?

परदेशातही असेच चालते. जगातील राहण्यायोग्य शहरांची एक नावाजलेली यादी लंडनहून निघते. 2024 साली तिच्यात व्हिएन्ना पहिले होते, 2025 साली कोपनहेगन. आपल्या अधिकाऱ्याला परमुलखात पाठवताना गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे ठरवायला कंपन्या अशी यादी वापरतात. साहेबाला तिथे कसे वाटेल हे ती सांगते. साहेबाच्या घरी भांडी घासणारीला कसे वाटते, हे विचारायला ती निघालेली नसते.

इंदूरचे उदाहरण तर काळजाला घरे पाडणारे आहे. 2017 पासून ते शहर स्वच्छतेत सतत पहिले, 2023 साली सुरतेच्या जोडीने. त्यांचे काम खोटे नाही. घरोघरचा कचरा वेगळा करून उचलला, देवगुराडियाचा कचऱ्याचा डोंगर हटवला. पण डिसेंबर 2025 च्या अखेरीस त्याच इंदुरात भागीरथपुरा या कष्टकऱ्यांच्या वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले. शेकडो माणसे आजारी पडली, कित्येकांचे जीव गेले. रस्ता वर दिसतो, नळाची नळी जमिनीखाली असते. पाहुणा तपासायला येतो तो वरचे पाहतो. खालचे कळते ते ज्याच्या घागरीत येते त्याला.

गुणांचा कागद कसा भरला जातो, हे आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. एका दूरच्या गावी, नाव सांगत नाही, नातलगाकडे गेलो होतो. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा दारात आला. "काकू, मोबाईल द्या, गावाच्या स्वच्छतेबद्दल मत नोंदवायचं आहे." काकूंनी मोबाईल दिला. पोराने पटापट बोटे फिरवली आणि परत दिला. काकूंनी विचारले, "काय लिहिलं रे?" तो म्हणाला, "सगळं चांगलं लिहिलं." काकू घरात येऊन आम्हाला म्हणाल्या, "मत माझं, अन् लिहिलं त्यानं!" त्या पोराचा राग आला नाही. त्यालाही दिवसाला इतके फोन भरून द्यायचे, असे कोणीतरी सांगितले असणार. पण मताची किंमत आपल्या लोकांना कळायला हवी. एक माणूस एक मत मिळावे म्हणून बाबासाहेबांनी काय सोसले, ते आपण विसरायचे का?

कागद आणि पाणी यांतले अंतर आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. महाडच्या नगरपालिकेने 1924 साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. त्या काळी कोणी नगरपालिकांचे नंबर काढले असते, तर त्या ठरावाबद्दल महाडला भरघोस गुण मिळाले असते. पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर जाईपर्यंत आपल्यापैकी कोणाच्या ओंजळीत त्याचे पाणी पडले नव्हते. आणि पडल्यावरही कोर्टकचेऱ्या होऊन 1937 साली हायकोर्टाचा निकाल लागेपर्यंत वाट पाहावी लागली. ठराव हे काम नव्हे, ती कामाची सुरुवात.

त्या वर्षीच्या अशोक विजयादशमीला आम्ही अकोल्याला गेलो. अमरावती ते अकोला हा रस्ताही विक्रमवीर आहे बरे का! जून 2022 मध्ये या मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला, म्हणून गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. गाडी आता झरझर जाते, आम्हीही खूश आहोत. मात्र त्याआधी कित्येक वर्षे याच रस्त्याने आमची हाडे खिळखिळी केली. त्या वर्षांची नोंद कोणत्या पुस्तकात आहे? पाच दिवसांचा विक्रम मोजला जातो, रखडलेली वर्षे मोजली जात नाहीत.

अकोल्यात मोर्णेच्या पुलावर थांबलो. 13 जानेवारी 2018 रोजी या नदीच्या सफाईला हजारो माणसे उतरली होती. प्रधानमंत्र्यांनी 'मन की बात'मध्ये अकोल्याचे कौतुक केले. आमचे भाचेही तेव्हा गाळात उतरून जलपर्णी ओढत होते. चांगलेच काम होते ते. पण जलपर्णी पुढे पुन्हा वाढली, कारण सांडपाणी नदीत येत राहिले. गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. आधी झाडू, मग कीर्तन, ही त्यांची रीत. त्यांनी गाव झाडले ते सर्टिफिकेटासाठी नव्हे आणि उद्या पुन्हा झाडावे लागणार हे त्यांना ठाऊक होते. स्वच्छता ही रोजची भाकर आहे, ती सणाची पुरणपोळी नव्हे.

परत आल्यावर एका नव्या लेआउटमध्ये प्लॉट पाहायला गेलो. दाखवणारा माणूस म्हणाला, "काका, आता भाव वाढला. पहिल्या नंबरचं शहर आहे." म्हणजे दिल्लीतला नंबर आमच्या खिशापर्यंत येऊन पोहोचला होता! आदल्या रात्री पाऊस झाला होता. आम्ही विचारले, "इथलं पाणी कुठं जातं?" तो म्हणाला, "जाईल ना, नाली होणार आहे." प्लॉटच्या मधोमध घोटाभर पाणी साचले होते आणि त्यावर डास घोंगावत होते. आम्ही चपला हातात घेऊन परतलो.

अजून एक प्रश्न आमच्या मनात सलतो. नंबर शहराला मिळतो, पण झाडू कोणाच्या हातात असतो? पहाटे रस्ता झाडणारे, नालीत उतरणारे हात बहुतेक आपल्याच, नाहीतर आपल्यासारख्याच समाजातले. माणसाने हाताने मैला साफ करणे 2013 च्या कायद्याने बंद केले आहे. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा उन्हामुळे जमावबंदी लावावी लागली. झाडूवाल्या बाईला त्या महिन्यात घरी बसून भागते का? तिचा पगार कोणत्या तारखेला होतो, ती पक्की आहे की ठेक्यावर, तिला हातमोजे मिळतात का, याला ज्या दिवशी पैकीच्या पैकी गुण ठेवतील, त्या दिवशी आम्ही पहिल्या नंबरचे पेढे वाटू.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. त्यानंतर 15 जानेवारी 2026 रोजी मतदान होईपर्यंत दोन्ही शहरांत लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता, प्रशासकाचा कारभार होता. अमरावतीला हवेचे दोन्ही पहिले नंबर याच काळात मिळाले. एखाद्या शहरात जवळजवळ चार वर्षे लोकांचा प्रतिनिधी नाही, यासाठी गुण कापणारा रकाना त्या कागदात नव्हता. चांगला अधिकारी चांगले काम करील, पण त्याला जाब कोणी विचारायचा?

म्हणून त्या निवडणुकीच्या आधी आमच्या विहारातल्या बायकांनी एक दोनशे पानी वही आणली. दर रविवारी वंदना झाली की ज्या त्या गल्लीतली बाई सांगणार आणि शिकलेली पोर लिहिणार. नळ कोणत्या दिवशी आला, किती वेळ राहिला, पहिली बादली गढूळ होती का. नालीतून काढलेला गाळ काठावर किती दिवस पडला. घंटागाडी शेवटच्या गल्लीपर्यंत आली की चौकातूनच वळली. खांबावरचा दिवा लागला का. रात्री दवाखान्यात कोणी होते का. झाडणारीला मोजे होते का. मत मागायला उमेदवार आले तेव्हा त्यांच्यापुढे भाषणाऐवजी वही ठेवली. एकाने नुसती चाळली, एकाने "पाहू" म्हटले. एक जण मात्र खाली बसून अर्धा तास वाचत राहिला. कोण कोणत्या पक्षाचा हे इथे सांगायचे कारण नाही. वही अजून चालू आहे.

आम्ही प्लॉटचा विचार सोडून दिला. अकोल्याच्या आईच्या घराची टिनपत्रे काढून तिथेच स्लॅब घालायचे ठरवले. अकोला अमरावतीहून सरस म्हणून नव्हे. तिथली नाली कुठे तुंबते ते आम्हाला माहीत आहे, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहे आणि रात्री धाप लागली तर उठून येणारे शेजारी आहेत. मुलाला हे सांगितले तेव्हा तो जरा नाराज झाला. म्हणाला, "पण नंबर?" आम्ही म्हटले, "नंबर वाचायचाच, बाबा. फक्त तो कोणी, कशावरून आणि कोणाला विचारून काढला, हेही वाचायचं."

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या गावाचा नंबर पेपरात आला तर आनंद जरूर माना. मग एक वही घ्या, आपल्या गल्लीचा नंबर आपणच काढा आणि तो निवडून आलेल्याच्या टेबलावर नेऊन ठेवा.

आईला वहीची हकीकत सांगितली. ती सुपारी कातरत म्हणाली, "हे बरं केलं. आता तुमी इकडं आले का अकोल्याची बी एक वही करा. नळ कोन्त्या दिवशी येते थे पयल्या पानावर मीच सांगतो."