दहापैकी चार

वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलं की हातात एक छापील तक्ता येतो. उच्चार, मांडणी, हावभाव, एकूण परिणाम. मुलं ओळीनं येतात, माईकपर्यंत मान पोचत नाही म्हणून टाचा उंचावतात आणि सावित्रीबाई, साने गुरुजी, शिवाजी महाराज असं करत दुपार सरते. अशाच एका दुपारी नववीतली एक मुलगी न्यायमूर्ती रानड्यांवर बोलायला उभी राहिली. जन्म १८४२, निफाड, प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा, सगळं रीतसर. मग थांबली. पाठांतर सुटलं म्हणून थांबली की थांबायचंही पाठ केलं होतं, कोण जाणे. म्हणाली, "विधवांची लग्नं लावा म्हणून हे सगळ्यांना सांगत होते. स्वतःची बायको वारल्यावर यांनी लग्न केलं ते अकरा वर्षांच्या मुलीशी. मी रानड्यांना दहापैकी चार गुण देते." आणि 'जय हिंद, जय महाराष्ट्र' न म्हणताच खाली उतरली.

टाळ्या पडल्या नाहीत. शेजारचे परीक्षक माझ्याकडे बघून हसले. मी उच्चाराचे गुण पूर्ण दिले. पुढच्या रकान्यापाशी पेन अडलं. चार कशाचे दिले असतील तिनं? आणि सहा नेमके कुठे कापले?

गोष्ट तशी सर्वांना ठाऊक आहे. १८७३ च्या ऑक्टोबरात रानड्यांची पहिली बायको गेली. रानडे एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, विधवाविवाहाच्या बाजूनं उघडपणे उभे. आता हे बोलल्याप्रमाणे वागणार, अशी मित्रांना खात्री, आणि नेमकी हीच वडिलांना धास्ती. वडिलांनी घाईनं मुलगी शोधली: सातारकडच्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना. रानड्यांनी विनवण्या केल्या, लग्नच नको म्हणाले, आणि अखेर वडील संबंध तोडून कोल्हापूरला निघतील या धाकापुढे नमले. वर्ष संपायच्या आत लग्न झालं. त्या दिवशी घरी आल्यावर ते कुणाशी न बोलता खोलीत गेले आणि दार लावून बसले.

याच सुमारास विष्णुशास्त्री पंडितांनी, त्याच चळवळीतल्या रानड्यांच्या सहकाऱ्यानं, स्वतः एका विधवेशी लग्न केलं. १८७४. म्हणजे पुण्या-मुंबईच्या त्याच हवेत, त्याच शास्त्रीमंडळींच्या नाकावर टिच्चून हे करता येत होतं. 'काळच तसा होता' ही आपली आवडती सबब इथं लागू पडत नाही, आणि खरं तर ती मला कुठंच फारशी पटत नाही. प्रत्येक काळात दोन-चार माणसं अशी असतातच की ज्यांच्यामुळे बाकीच्यांना काळाच्या आड लपता येत नाही. विष्णुशास्त्री १८७६ मध्ये वारले. म्हणजे त्यांच्या बायकोच्या कपाळी दुसऱ्यांदा वैधव्य आलं. धैर्याच्या गोष्टी सांगताना आपण लग्नाच्या अक्षतांपाशी थांबतो ते सोयीचं असतं म्हणून.

रानड्यांना नमण्याची जणू सवयच होती असं म्हणायला आणखी एक जागा आहे. ती चहाची. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुणे म्हणजे शहरातली बडी ब्राह्मण मंडळी. त्यांत रानडे होते, टिळकही होते. कुणी चहा प्यायला, कुणी कप नुसता हातात धरला, कुणी यजमानांचा मान म्हणून ओठाला लावून ठेवून दिला. मिशनचा चहा, माझा अंदाज, पुचाटच असणार. आलेल्यांत गोपाळराव जोशीही होते, डॉ. आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी सगळ्यांच्या नावांची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. या माणसाला काय म्हणावं मला कळत नाही. खोडसाळ म्हणावं तर त्यानं गावातल्या झाडून सगळ्या सुधारकांना एका कपात उभं केलं. सत्यवादी म्हणावं, तर सत्यापेक्षा त्याला गंमत प्यारी. पुढे प्रकरण शंकराचार्यांकडे गेलं, पुण्यात शास्त्री येऊन बसले, साक्षी झाल्या. दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जाचे निवाडे करणारा न्यायाधीश कपभर चहासाठी आरोपी झाला. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांना ग्रामण्याची, म्हणजे जातीनं टाकलेल्या वाळीची, स्वतःपुरती फिकीर नव्हती, पण बहिष्कारामुळे मित्रांच्या घरची कार्यं अडून बसली, आणि १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारकांनीच त्यांना बोल लावले.

ते ग्रामण्य वाचताना मला आमच्या वाईच्या घरातला एक कप दिसतो.

त्या घरात बैठकीच्या खोलीत सुधारक आगरकरांची तसबीर होती. अण्णा, म्हणजे माझे आजोबा, मराठी शाळेचे हेडमास्तर. जेवताना सुधारणेवर बोलायचे, वर्गात बोलायचे, घाटावर फिरायला गेले की सोबत सापडेल त्याच्याशी बोलायचे. घराच्या मागच्या पडवीत, मोरीच्या वरच्या कोनाड्यात, एक कप पालथा घातलेला असे. निळ्या किनारीचा, कान तुटलेला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा. त्यांनीच तो विसळायचा, त्यांनीच पालथा घालायचा. आजी वरून चहा ओतायची, पातेलं कपाला लागू न देता, आणि धार अशी नेमकी की एक थेंब बाहेर सांडत नसे. लहानपणी मला त्या धारेचं फार कौतुक वाटायचं. मीही पाण्याचा तांब्या घेऊन तसं ओतायचा सराव करत असे. अण्णा हात-पाय धुवायला त्याच पडवीतून जायचे. कोनाडा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. त्या कपाबद्दल ते एक अक्षर कधी बोलल्याचं घरात कुणाला आठवत नाही.

एक दिवस मावशींनी काम आटोपलं, हात पदराला पुसले आणि पिशवीतून स्टीलचा पेला काढून पडवीच्या कठड्यावर ठेवला. नवा कोरा. बोहारणीकडून घेतलेला असणार, पण वर नाव घालून आणलं होतं, टिंबाटिंबांनी, त्यांच्या लेकाचं.

"वैनी, आजपास्नं च्या ह्यात वता. त्या कपानं व्हट कापतो."

बस, एवढंच. ना आवाज चढला, ना डोळ्याला डोळा भिडला. आजीनं पातेलं उचललं तसं क्षणभर हातातच धरलं आणि मग ओतलं. नेहमीच्याच उंचीवरून. पेला खोल, त्यामुळे आवाज मात्र वेगळा आला.

पेला काही दिवस कोनाड्यात राहिला. कप कुठं गेला कळलं नाही. मग घरात स्टीलचं वारं आलं. पितळ मोडीत निघालं, कल्हईवाल्याचं येणं तुटलं, जुन्या साड्यांवर पेले आणि वाट्या आल्या, आणि घासलेल्या भांड्यांच्या टोपलीत सगळेच पेले एकमेकांचे भाऊ दिसू लागले. मावशींचा पेला कधीतरी त्या टोपलीतून फडताळात गेला. आजी रात्री दिवे गेले तरी हातानं चाचपून कोणती वाटी कुणाच्या मुंजीत आली ते सांगायची. तिच्या लक्षात आलं नसेल, यावर मी विश्वास ठेवत नाही.

श्रावणात सत्यनारायण होता. पूजा सांगून गुरुजी घामाघूम झाले, पाणी मागितलं. माझ्या चुलतभावानं फडताळातून हाताला लागला तो पेला भरून आणला. गुरुजींनी मान मागे टाकून घटाघटा पाणी प्यायलं, आणि त्या लेकाचं नाव टिंबाटिंबांनी माझ्या अगदी समोर आलं. मी आजीकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. "भाताची मूद आधी, वरण मागून," ती वाढणाऱ्या सुनेला म्हणाली, आणि पंगत पुढे सरकली.

अण्णांनी आगरकर वाचले होते. आजीला आगरकर तसबिरीवरची धूळ पुसण्यापुरते माहीत. ती काही बदलली असंही मला म्हणायचं नाही. शेवटपर्यंत तिचं सोवळं होतं, आणि शेजारणीच्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा ती जे बोलली ते लिहिण्याजोगं नाही. पण त्या दुपारी तिनं तोंड उघडलं नाही, आणि तिच्या तोंड न उघडण्यात आणि अण्णांच्या तोंड न उघडण्यात जमीन-अस्मानाचा फरक होता.

नववीतल्या त्या मुलीला मला सांगायचं होतं की गुणपत्रक तिच्या आधीच भरून झालेलं आहे. ते रानड्यांच्या घरातच भरलं गेलं. लग्नानंतर लगेचच त्यांनी त्या मुलीला, लग्नात यमुनेची रमाबाई झालेलीला, जवळ बसवून लिहिता-वाचता येतं का विचारलं, आणि येत नाही म्हटल्यावर पाटी घेऊन अक्षरं शिकवायला सुरुवात केली. मांडवात जे जमलं नाही ते माडीवर सुरू झालं. पुढे घरातल्या बायकांनी त्या शिकण्यावरून रमाबाईंना भरपूर छळलं, आणि तो छळ रानड्यांनी नव्हे, रमाबाईंनी सोसला. सुधारकाच्या तत्त्वाची फी बहुतेक वेळा घरातली दुसरीच कुणीतरी भरते. नवरा गेल्यावर नऊ वर्षांनी, १९१० मध्ये, रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' प्रसिद्ध केल्या. त्यांत वडिलांपुढे खाली मान घालून उभे राहिलेले रानडे आहेत, प्रायश्चित्तही आहे. लपवलेलं काही नाही. भक्ती पानापानावर आहे आणि तरीही एका बाईची बारीक नजर कुठंही मिटलेली नाही. एव्हाना त्या पुण्याच्या सेवासदनाचं काम बघत होत्या.

मराठीत ही एक वेगळीच न्यायशाखा आहे असं मला वाटतं. थोर पुरुषांच्या बायकांनी लिहिलेली पुस्तकं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. केवढं धाडस, असं आपण म्हणतो. त्या धाडसानं लक्ष्मीबाईंच्या आयुष्याचे दोन तुकडे झाले, आणि 'स्मृतिचित्रे'मध्ये त्या हे सगळं असं हसत सांगतात की टिळकांचा राग यावा की त्यांच्यावर माया करावी ते वाचणाऱ्याला ठरवता येऊ नये. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावलं. संस्कृतचे एवढे मोठे पंडित, विधवाविवाहाच्या बाजूचा आधार ग्रंथांत शोधणं त्यांना अवघड नव्हतं, पण मुलीचा हात धरून मांडवात जायला ग्रंथ पुरत नाहीत. त्या घरातून एखादं पुस्तक आलं असतं तर मी सगळी कामं टाकून वाचलं असतं.

आणि कर्वे. धोंडो केशवांनी नमायचं नाकारलं. १८९३ मध्ये, शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, स्वतःच्या घरी जायची चोरी झाली. इथं ती मुलगी दहापैकी दहा देईल, आणि मीही हात आखडता घेणार नाही. फक्त त्या गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाईंनी, बाया कर्व्यांनी, म्हातारपणी 'माझे पुराण' लिहिलं आहे. नवऱ्यानं असेल नसेल ते आपण काढलेल्या विधवांच्या आश्रमाला दिलं. पगारातलं दिलं, शिल्लक दिली, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा दिली. पदरात मुलं, आणि पुढे काय झालं तर खायचं काय, हा प्रश्न विचारायला घरात एकट्या बायाच. त्यांनी तो विचारला. महर्षींच्या पत्नीनं हे सगळं हसतमुखानं आणि कृतार्थ होऊन स्वीकारलं असं ज्यांना शाळेत शिकवलं गेलं आहे, त्यांनी ते पुस्तक उघडून बघावं. बाया चांगल्याच भांडल्या आहेत.