मुठीतले शब्द

शस्त्रांच्या एखाद्या इंग्रजी सूचीचे पोर्तुगीज करायला मी नगरमध्ये बसतो, तेव्हा त्या कामात मराठीला जागाच नाही असे कुणालाही वाटेल. मजकूर इंग्रजी, वाचक लिस्बनचा. पण पात्यांची शस्त्रे आली की मराठीवाचून माझे पान हलत नाही.

इंग्रजी 'हिल्ट' घ्या. तो शब्द फक्त शस्त्राचा. मराठीत मूठ आवळलेल्या हाताची असते आणि तलवारीचीही. पोर्तुगीजमध्ये अगदी तसेच आहे: 'पुन्यु' म्हणजे मूठ, हाताचीही आणि तलवारीचीही. त्यातूनच 'पुन्याल' निघाला, मुठीत धरायचे आखूड, टोकदार शस्त्र. पात्याला ते 'फोल्या' म्हणतात, म्हणजे झाडाचे पान. आपले पातेही गवताचे असते. धारेला आपण पाण्याचा शब्द लावला, त्यांनी दोऱ्याचा, 'फियु'. म्यान म्हणजे 'बाइन्या', आणि कपड्याच्या दुमडून शिवलेल्या काठालाही बाइन्याच म्हणतात. ही नावे रानात आणि घरात वावरणाऱ्या माणसांनी ठेवलेली आहेत. समुद्राच्या दोन्ही टोकांना माणसे लोखंडाकडे इतक्या सारख्या नजरेने पाहत होती, याचा आनंद मला अजूनही होतो.

म्हणून शब्दकोश उघडण्याआधी मी हात पाहतो. शस्त्र कसे धरतात, खुपसतात की तोडतात, एका हाताने की दोन्ही हातांनी. हे कळले नाही तर नुसते नाव पदोपदी फसवते.

कट्यारीचेच पाहा. तिला दोन समांतर दांड्या आणि त्यांच्यामध्ये आडवी मूठ असते. पाते थेट मनगटाच्या रेषेत पुढे येते, म्हणून ठोसा मारावा तशी ती खुपसतात. आईन-ए-अकबरीत या घाटाच्या शस्त्राला जमधर म्हटले आहे, इंग्रजी ग्रंथांत मात्र 'कटार' हे नाव रुळले. हा शब्द पोर्तुगीज वळणाने लिहायला जावे, तर वाचणाऱ्याला आखातातला कतार देश दिसतो, कारण त्या देशाचे नाव तिथे त्याच अक्षरांनी लिहितात. तेच अक्षर-रूप वेचण्याचे, उवा काढण्याचे क्रियापदही आहे. इंग्रजीतला 'पटा' तर पोर्तुगीजमध्ये जनावराचा पंजा होतो. अशा वेळी मी मूळ नाव तिरप्या अक्षरांत ठेवतो आणि पुढे घडण सांगतो. कट्यारीसाठी आडव्या मुठीचा पुन्याल. पट्ट्यासाठी 'इश्पादा द मानोप्ला', लोखंडी हातमोज्याची तलवार, कारण पट्टा चालवणाऱ्याचा हात त्या खोबणीत पार वरपर्यंत जातो. मर्दानी खेळ पाहिलेल्या मराठी माणसाला हे सांगावे लागत नाही. लिस्बनच्या वाचकाला त्या दोन शब्दांत सगळे दिसते.

खंजिराचा सापळा वेगळा आहे. अरबी खंजर आपल्याकडे आला आणि आखूड शस्त्रच राहिला. पोर्तुगीजांनी तोच शब्द अरबांकडून घेतला, पुढे 'अल' जोडून त्याचा 'अल्फांज' केला, आणि तिकडे तो रुंद, वाकड्या तलवारीचे नाव झाला. मूळ एक, पण खंजिराला अल्फांज लिहिणे म्हणजे वाचकाच्या हाती दुसरेच हत्यार देणे. तिथे 'अदागा' हा साधा शब्द बरा.

सगळ्यात जास्त वेळ मला फिरंग घेते, आणि तो वेळ मी आनंदाने देतो. फिरंग म्हणजे युरोपातून आलेल्या सरळ, लांब पात्याची तलवार. हे नाव फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीतून आले आणि इथे पोर्तुगीजांना चिकटले. ते नगरला परके नव्हते. चौल निजामशाहीच्या मुलखात होते, तिथे त्यांचे ठाणे होते, आणि १५७०–७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याला वेढाही घातला. त्याआधी गार्सिया द ओर्ता हा वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी येत असे. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. पोर्तुगीज लेखनात आमचा सुलतान 'निझामालुकु' झाला. त्यांच्याकडून आपण काडतूस आणि पिस्तूल हे शब्द घेतले. पाती घेतली, पण पात्यांना नाव मात्र आपण दिले.

आता हा शब्द पोर्तुगीजमध्ये परत न्यायचा. 'पोर्तुगीज तलवार' असे लिहिले की काम संपते, आणि अनेकांनी ते तसे संपवले आहे. मला ते मान्य नाही. एक तर ही पाती जर्मनी, स्पेन, इटलीतूनही येत. दुसरे, इथल्या कारागिराने त्या पात्यावर हाताला झाकणारी मूठ बसवली आणि मुठीच्या टोकाला एक दांडा काढला, दुसऱ्या हाताने धरून जोर लावायला. त्यानंतर ती तलवार इथली झाली. मी 'फिरंग' तसाच ठेवतो आणि एका वाक्यात तो कुठून आला ते लिहितो. गोव्यातल्या आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु यांनी आशियातल्या अशा प्रवासी शब्दांचा कोश १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत काढला. तो उशाशी असला की धीर येतो. रघुनाथपंडितांनी शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून केलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग स्वतंत्र आहे. तिथे काम उलटे होते, रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत नावे द्यायची. त्या कामामागे राज्याची गरज होती. माझी गरज एवढीच, की नावाचा प्रवास पुसला जाऊ नये.

संग्रहालयांतून बाहेर आले की कोयता भेटतो. इंग्रजी बातम्यांत तो कधी 'सिकल' असतो, कधी 'मशेटी'. 'सिकल'चे पोर्तुगीज 'फोइस', चंद्रकोरीसारखा विळा. उसाचा कोयता तसा नसतो. पोर्तुगालसाठी मी 'कताना' लिहितो, जपानी तलवारीचे नाव घेऊन तिथे रानातले हत्यार झालेला शब्द. अंगोलाच्या झेंड्यावर हीच कताना आहे. ब्राझीलच्या वाचकाला 'फाकांव' जवळचा. तिथल्या ऊसतोडीत 'पोदांव'ही चालतो, आणि आपल्या कोयत्याला तोच सर्वांत जवळचा वाटतो.

पण १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे जिल्हाभर कारखाने झाले, आणि पाथर्डी-शेवगावकडून टोळ्या तोडीला जाऊ लागल्या. तिथे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. ऊसतोडीवरच्या अहवालात 'वीस कोयते' आले, तर पोर्तुगीजमध्ये मी 'वीस जोडपी' लिहितो आणि शेजारी मराठी शब्द ठेवतो. तिथे हत्याराचे नाव घातले, तर चाळीस माणसे मजकुरातून गळून जातात.