बिचारा थर्मोस्टॅट

घरात काही बिघडले, की जे डोळ्यांसमोर असते त्याच्यावर आळ घ्यायचा, हा संसाराचा जुनाच रिवाज आहे. दिवा लागला नाही, की आपण बटण चार वेळा खालीवर करतो. भाजी खारट झाली, की वाढणाऱ्याकडे रागाने पाहतो. या न्यायाने किती निरपराध जीवांना शिक्षा होत असेल, हा विचार मला सुचला तो अमेरिकेत, चाकांवरच्या एका घरात.

तिकडे त्याला ‘आर. व्ही.’ म्हणतात. मोटारीच्या पाठीवर बसवलेले हे एक आटोपशीर बिऱ्हाडच असते. शेगडी, न्हाणीघर, बिछाने, सारे जागच्या जागी. माझी ताई आणि भावोजी फीनिक्सला राहतात. २०२२ च्या दिवाळीच्या सुटीत त्यांनी असे एक घर भाड्याने घेतले आणि आईला व मला ग्रँड कॅन्यन पाहायला नेले. फीनिक्सला ऑक्टोबरातही दुपारी उकडते. आणि त्या दरीचा दक्षिण काठ आहे सुमारे २,१०० मीटर उंचीवर. तिथे त्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. म्हणजे एकाच दिवशी आधी घर गार करायचे आणि मग त्यालाच ऊब द्यायची! ही दोन्ही कामे ज्याच्या हुकमाने चालतात, तो थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची साबणाच्या वडीएवढी डबी.

पहिल्या रात्रीचा मुक्काम झाडीत होता. तिथे विजेची जोडणी नव्हती. जेवणे झाली, दिवे बराच वेळ जळले, आणि थंडी अंगाशी येऊ लागली. ताईने थर्मोस्टॅटचा आकडा ७० वर नेला. (तिकडचे अंश फॅरनहाइटचे, आपले सुमारे २१.) आत पंखा घुरघुरला, पण वारा आला तो गारच. ताईने आकडा ७५ वर नेला, मग ८० वर. डबीला दोन चापट्याही दिल्या. “हा डबाच बिघडलाय!” असा निकालही देऊन टाकला.

आई कोपऱ्यात शाल लपेटून बसली होती. वय ७८, आदल्या वर्षीच न्यूमोनियातून उठलेली. “मला काही होत नाही. तुम्ही पोरं पांघरून घ्या,” एवढेच ती म्हणाली. भावोजींनी तिच्या तळहाताला हात लावून पाहिला आणि काही न बोलता विजेरी काढली.

भावोजींची तऱ्हा मला फार आवडली. त्यांनी डबीकडे पाहिलेसुद्धा नाही. “पंखा फिरतोय ना? मग थर्मोस्टॅटनं ऊब मागितली आहे. त्याचं काम संपलं,” ते म्हणाले. मग त्यांनी शेगडी पेटवून पाहिली. ज्योत निळी आणि भरपूर. म्हणजे प्रोपेन गॅस होता. पंखा फिरत होता, तेव्हा त्याचा फ्यूजही शाबूत होता. राहता राहिला प्रश्न एकच : वारा पुरेसा आहे का?

या भट्टीत शिडासारखी एक हलकी पट्टी असते. पंख्याच्या वाऱ्याने ती उचलली गेली, तरच गॅसची झडप उघडते आणि ठिणगी पडते. वाऱ्यावाचून आग पेटू नये म्हणून ही खबरदारी. पंखा चालतो १२ व्होल्टच्या बॅटरीवर. भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. आमची पंखा सुरू होताच १०.४ वर उतरत होती. पंखा फिरत होता, पण त्याच्यात पट्टी उचलण्याचे त्राण नव्हते!

भावोजींनी मोटारीचे इंजिन चालू केले, म्हणजे बॅटरीला तिकडून वीज मिळू लागली. काही वेळाने पंख्याचा सूर चढला. टिक्, टिक्, आणि मग आत आग पेटल्याचा दबका हुंकार. पायांशी ऊब आली. ताईने थर्मोस्टॅट मुकाट्याने ७० वर आणला.

पण दिवसभर मोटार चालूनही बॅटरी इतक्या लवकर का ढेपाळावी? सकाळी चहा पिताना आई म्हणाली, “जावईबापू, आपल्याकडे इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालतात. हिला नसतं का घालायचं?” भारनियमनाच्या वर्षांत आमच्या घरी हे काम तिचेच होते. भावोजींनी झाकणे उघडली. आतल्या प्लेटा उघड्या पडल्या होत्या! डिस्टिल्ड वॉटर आणून आधी प्लेटा बुडवल्या, आणि विजेची जोडणी असलेल्या तळावर बॅटरी भरल्यावर उरलेले पाणी घातले. उघड्या पडलेल्या प्लेटांची ताकद सगळी परत येत नाही. पण उरलेल्या रात्री निभावल्या.

परतीच्या वाटेवर उकाड्याने गाठले. छतावरचे गार हवेचे यंत्र १२० व्होल्टवर चालते; ३० अँपिअरच्या जोडणीवर सगळे मिळून ३,६०० वॅट. यंत्र चालू असताना कोणी मायक्रोवेव्ह आणि पाण्याचा हीटरही लावला, आणि सगळे गप्प झाले. ताईची नजर सवयीने थर्मोस्टॅटकडे गेली. पण हात गेला तो ब्रेकरच्या पेटीकडे.

थर्मोस्टॅटचा स्वभाव मोठा सरळ. हवे ते तो मागतो. मिळाले नाही तरी मागत राहतो, आणि चापट्या खातो. आपल्या घरांतली वडीलधारी माणसे नेमकी उलट. आतला पारा कितीही उतरला, तरी त्यांच्या तोंडी आकडा एकच : “मला काही होत नाही.” त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. तिथे हात हातात घेऊनच पाहावे लागते.