तबकड्यांचे फडताळ

ज्या वस्तूचे आयुष्य तिच्या मालकाच्या आयुष्याहून दीर्घ होण्याचा संभव असतो, आणि तरीही हातातून निसटली तर क्षणार्धात तिचे तुकडे होण्याचा संभवही तितकाच असतो, तिला घरात कोणती जागा द्यावी हा विचार सजावटीच्या विचाराहून निराळा आणि अधिक गंभीर आहे. ध्वनिमुद्रिका ही अशी वस्तू होय. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली निवर्तले, बालगंधर्व १९६७ साली गेले. पण ज्या काळ्या तबकड्यांवर त्यांचा आवाज तीन-सव्वातीन मिनिटांच्या तुकड्यांनी कोरला गेला, त्या कोणा आजोबांनी हौसेने विकत घेतल्या होत्या म्हणून आजही आपल्या घरात आहेत, आणि त्या आपल्या नातवंडांच्या घरी पोहोचतील की नाही हे बऱ्याच अंशी आपण त्यांना कोणत्या भिंतीशी, कोणत्या फळीवर आणि कोणत्या स्थितीत ठेवतो यावर अवलंबून आहे.

वर्धा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हा निर्णय तयार कपाटांची चित्रे पाहून करता येत नाही, कारण ती कपाटे ज्या हवेसाठी घडवलेली असतात ती हवा आमची नव्हे. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, पश्चिमेची भिंत रात्री जेवणे आटोपली तरी तापलेलीच असते, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर तर दुपारी हात ठेववत नाही. व्हिनाइलची तबकडी ६० अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते आणि तिचा भार एका अंगावर कललेला असेल तर त्याच्या पुष्कळ आधीपासून हळूहळू वाकू लागते; शिवाय ती काळी असल्यामुळे खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप तिच्यावर पडली की भोवतालच्या हवेपेक्षा ती कितीतरी अधिक तापते. या उन्हाळ्यावर विदर्भाने जो सार्वत्रिक उपाय योजला आहे, म्हणजे खिडकीत बसवलेला आणि ओल्या ताट्यांतून वारा फेकणारा कूलर, तो माणसाला जितका सुखद तितकाच कागदी वेष्टनाला घातक आहे. त्याच्या झोतासमोर राहिलेली वेष्टने मृग लागण्याआधीच दमट होतात आणि श्रावणापर्यंत त्यांच्यावर बुरशीचे ठिपके उमटतात. तेव्हा फडताळाची जागा मुक्रर करताना पहिला नियम असा, की ते घराच्या आतल्या भिंतीशी असावे, उन्हाच्या वाटेत नसावे, कूलरच्या झोतात नसावे, आणि त्याच्या पाठीमागे वारा खेळण्याइतकी दोन बोटे मोकळी जागा असावी.

मापाचा हिशेब त्यानंतर येतो, आणि तो सरळ आहे. मोठी तबकडी १२ इंचांची. तिचे वेष्टन त्याहून किंचित मोठे. म्हणून खणाची आतली उंची साडेतेरा इंच आणि खोली तेरा इंच असल्यास हात घालून तबकडी सुखाने काढता येते, आणि पुस्तकांच्या कपाटाची दहा इंच खोली यासाठी अपुरी पडते. फुटभर रुंदीच्या खणात सत्तर-ऐंशी तबकड्या मावतात व त्यांचे वजन सोळा-अठरा किलो भरते. चार फुटांची एक फळी म्हणजे जवळजवळ एका धडधाकट माणसाचे वजन झाले, आणि ते वर्षानुवर्षे हलणार नाही असे वजन असते. भुसा दाबून केलेल्या फळ्या हा भार चार-दोन पावसाळ्यांत मध्ये झोळ धरून कबूल करतात. दर फुटावर एक उभा पडदा घातला म्हणजे फळीलाही आधार मिळतो आणि तबकड्याही सरळ उभ्या राहतात. त्या उभ्याच ठेवाव्यात. एकीवर एक रचलेल्या तबकड्यांत तळच्या तबकडीवर साऱ्यांचा भार येतो, आणि तिरप्या टेकलेल्या तबकडीला तो तिरपेपणा कायमचा जडतो.

लाखेच्या जुन्या तबकड्यांसाठी मात्र वेगळा, दहा इंचांच्या मापाचा खण हवा, आणि येथे मला थोडे थांबावेसे वाटते. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण झाले तेव्हापासून सुमारे सहा दशके आपल्या देशातले संगीत ज्या द्रव्यावर कोरले गेले, ते पळस, बोर आणि कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर वस्ती करणाऱ्या एका सूक्ष्म किड्याच्या स्रावापासून तयार होत असे. त्या लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे आखूड तंतू मिसळून तो लगदा तप्त साच्यात दाबला जाई, आणि थंड झाल्यावर त्यावर उमटलेल्या रेषांत गायकाचा श्वाससुद्धा राहत असे. पळस आमच्या बोर अभयारण्याच्या आणि कारंजा-आष्टीच्या टेकड्यांवर अमाप आहे, बोर प्रत्येक बांधावर आहे, आणि कापूस तर या जिल्ह्याचे दैवत. अमुक तबकडीत अमुक गावची लाख किंवा अमुक जिनिंगचा कापूस गेला असे कोणी म्हणू शकणार नाही. तरी या वस्तूचा देह आमच्या शिवाराला परका नाही, इतके निश्चयाने म्हणता येते. आणि ज्या लाखेची तबकडी, त्याच लाखेचे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेले, सागवानावरचे जुने पॉलिश! फडताळ आणि त्यातली तबकडी यांचे हे सगोत्रपण मला फार प्रिय आहे. त्यातून एक व्यावहारिक सावधगिरीही निघते: पॉलिश विरघळवणारे स्पिरिट तबकडीही विरघळवते, म्हणून व्हिनाइलच्या सफाईसाठी विकत मिळणारी स्पिरिटमिश्रित द्रावणे लाखेच्या तबकडीला कधीही लावू नयेत. ताजे पॉलिश चढवलेल्या फडताळातही तबकड्या लगेच भरू नयेत. स्पिरिटचा वास संपूर्ण जाईपर्यंत धीर धरावा.

लाकडाच्या बाबतीत मी सागवानाचा निःसंकोच पक्षपाती आहे. काळ्या मातीच्या प्रदेशात वाळवीची भीती बारमाही असते, आणि सागाच्या गाभ्यात जे तैल असते त्याला वाळवी सहसा शिवत नाही. खोडाच्या बाहेरच्या पांढरट भागाला मात्र हे अभय नाही, म्हणून फळी निवडताना तिची कड निरखून घ्यावी. बल्लारशाच्या आगारातून लिलावाने सुटणारा नवा साग उत्तमच, पण तो पुरता वाळलेला नसेल तर आमच्या उन्हाळ्यात पिळतो. यावर आमच्या भागात एक तोडगा सहज सापडतो. मध्यप्रांताच्या अमदानीत या जिल्ह्यातली गावे मालगुजारांच्या ताब्यात होती. १९५१ साली मालगुजारी बरखास्त झाली, वसुलीचे दफ्तर तहसिलीत दाखल झाले, आणि मालगुजारांचे चौसोपी वाडे हळूहळू ओस पडून पुढच्या पिढ्यांत उतरवले जाऊ लागले. त्या वाड्यांच्या तुळया, खांब आणि दारांच्या चौकटी आजही जुन्या लाकडाच्या वखारींत मिळतात. माझे फडताळ अशाच एका तुळईतून निघाले. ज्या वाढयाने ते केले त्याने तुळईवर रंध्याचा पहिला हात फिरवून, आतला मधाळ रंग उघडा पडल्यावर, तिच्यावर तळवा ठेवून म्हटले होते, “भाऊ, हे लाकूड साठ-सत्तर उन्हाळे खाऊन बसलं हाये, याले जे वाकाचं होतं ते वाकून झालं.” त्याने एकही खिळा उभ्या सांध्यात मारला नाही, खाचा घेतल्या, पटाशीने साफ केल्या, आणि गुण्या लावून प्रत्येक कोन तपासला. यंत्राने कापलेल्या फळ्या स्क्रूने जोडून याहून लवकर आणि स्वस्तात काम झाले असते हे खरे. पण सत्तर किलो वजन पेलणाऱ्या फळीचा भार स्क्रूच्या आट्यांवर टाकण्यापेक्षा लाकडाच्याच खांद्यावर टाकणे केव्हाही श्रेयस्कर.

आता टर्नटेबल. तबकड्या स्थिर असतात, यंत्र फिरते. म्हणून त्याच्या आसनाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या गतीने फिरणाऱ्या तबकडीवरच्या रेषेत, जी केसाइतकी बारीक असते, हिऱ्याची सुई अवघ्या दीड-दोन ग्रॅमच्या भाराने चालत असते. यंत्र एका अंगाला झुकले की सुईचा भार रेषेच्या एका काठावर अधिक पडतो, तो काठ झिजतो, आणि एका बाजूचा स्वर चिरका होतो. पाणसळ लावून एकदा यंत्र बसवले म्हणजे काम संपले, अशी समजूत मुरमाड किंवा खडकाळ भूमीवर राहणाऱ्याने करून घ्यायला हरकत नाही. आमची भूमी मात्र चालती आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि ग्रीष्मात आकसून इतकी भेगाळते की भेगेत हात जावा. उथळ पायाच्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी तिच्याबरोबर किंचित वर-खाली होते, दारे आषाढात घासू लागतात आणि मार्गशीर्षात पुन्हा मोकळी होतात. ज्या घराची दारे अशी ऋतुमानाने बोलतात, त्या घरात ज्येष्ठात साधलेली पातळी आश्विनात तशीच राहील अशी हमी कोणी देऊ नये.

यावर माझी तजवीज अशी. यंत्र फडताळाच्या माथ्यावर ठेवायचे असेल तर फडताळ ठेंगणे, कमरेइतके आणि रुंद असावे, म्हणजे भरलेल्या तबकड्यांचे वजनच त्याला जमिनीशी घट्ट धरून ठेवते. माथ्यावर रबराच्या चार गाद्यांवर कडप्प्याची जाड लादी बसवावी आणि यंत्र त्या लादीवर विराजमान करावे. यंत्राच्या पायांना फिरवून उंची कमी-जास्त करण्याची सोय असावी. आणि पाणसळ कपाटाच्या खणात न टाकता लादीशेजारीच ठेवावी, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस ती लावून पाहण्याचा शिरस्ता आपोआप पडतो. जमीन फारच चंचल असेल तर पक्क्या विटांच्या भिंतीत लोखंडी कंस बसवून यंत्राला त्यावर निराळी जागा द्यावी. ध्वनिवर्धक मात्र त्याच फडताळावर कदापि ठेवू नयेत. त्यांचा कंप लाकडातून सुईपर्यंत जातो, सुई तोच पुन्हा उचलते, आणि तंबोऱ्याच्या खर्जाखाली एक अनाहूत घुमारा मिसळू लागतो.

यंत्र आणि फर्निचर एकरूप करण्याचा मोह मनुष्याला पूर्वीपासूनच आहे. अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने १९०६ साली व्हिक्ट्रोला काढला तेव्हा ग्रामोफोनचा भोंगा दुमडून लाकडी कपाटाच्या पोटात दडवला होता, आणि आवाज कमी-जास्त करण्यासाठी कपाटाची दारे लोटावी किंवा उघडावी लागत. पुढे आपल्याकडे सुखवस्तू घरांत रेडिओग्राम आले. एकाच पेटीत रेडिओ, तबकडीचे यंत्र, ध्वनिवर्धक आणि खाली थोड्या तबकड्यांना खण. दिवाणखान्यातला त्यांचा डौल मी अमान्य करीत नाही, पण झाकण, दार आणि कुलूप यांच्या आड गेलेली तबकडी क्रमाक्रमाने वाजेनाशी होते हे मी अनेक घरांत पाहिले आहे. काचेच्या दारांचेही तेच. धूळ रोखण्यासाठी खादीचा जाड पडदा पुरतो. तो बाजूला सारायला एक बोट लागते.

वर्ध्यातल्या माणसाने सामानसुमानावर इतके बोलावे, हे त्याच्याच जिल्ह्यातल्या एका कुटीसमोर टिकेल काय, हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सेवाग्रामला बापूकुटीत चटई, ठेंगणे मेज आणि नित्याच्या मोजक्या वस्तू यांपलीकडे काही नाही. इव्हान इलिच हा विचारवंत १९७८ च्या जानेवारीत तेथे आला, त्या कुटीत बसून राहिला, आणि मनुष्याच्या वास्तव्यासाठी बांधलेले घर सामान ठेवण्याची जागा कसे होऊन बसते याविषयी त्याने सेवाग्रामच्या सभेत जे विवेचन केले ते आजही विचार करायला लावणारे आहे. मी त्याच्यापुढे नम्र आहे. पण पुढे त्या कुटीत राहिलेल्या पुरुषाने १९३१ च्या ऑक्टोबरात लंडन येथे कोलंबिया कंपनीच्या यंत्रासमोर बसून ईश्वराविषयीचे आपले निवेदन मुद्रित करू दिले होते, आणि तबकडीच्या दोन बाजूंवर ते आजही ऐकू येते. आणि याच वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून जी नई तालीम उभी राहिली, तिने सुतारकामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी येण्याचा मान दिला. तेव्हा गावच्या वाढयाने गावच्या लाकडाचे, नेमक्या मापाचे आणि नित्य वापराचे फडताळ करावे, आणि त्यातून एक आवाज रोज बाहेर यावा, यात त्या कुटीशी द्रोह होतो असे मला वाटत नाही. न वाजणाऱ्या तबकड्यांचा संग्रह वाढत गेला आणि त्यासाठी दुसरे, तिसरे कपाट आले, तर तो द्रोह मी कबूल करीन.

आर्वी, पुलगाव, देवळी, सिंदी आणि हिंगणघाट येथील पुष्कळ जुन्या घरांत माळ्यावर, पत्र्याखाली, गोणपाटात गुंडाळलेल्या तबकड्या अजून असतील. ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की येत्या होळीपूर्वी त्या खाली उतरवाव्यात, कोरड्या मऊ कापडाने पुसाव्यात आणि आतल्या खोलीत, आतल्या भिंतीशी, सरळ उभ्या ठेवाव्यात. फडताळ सवडीने करवून घेता येईल. माळ्यावरचा एक वैशाखही त्यांना सोसणारा नाही.