संकासूर मरणार हे ठाऊक असताना

मराठीच्या मास्तराने सहसा कबूल करू नये अशी एक गोष्ट आज कबूल करतो. गेली पंचवीसएक वर्षे मी संगणकावरचे खेळ खेळत आलो आहे. मोटारींच्या शर्यती किंवा क्रिकेट यांत मला गोडी नाही. मला ओढ आहे ती गोष्ट सांगणाऱ्या खेळांची, आणि त्यांतही विज्ञानकथा सांगणाऱ्या. सहकाऱ्यांना हे कळले तेव्हा त्यांनी समजूतदारपणे विषय बदलला. या वयात पतंग उडवणाऱ्या माणसाकडे लोक जसे पाहतात, तसे काहीसे त्यांच्या नजरेत होते. त्यांच्याशी वाद घालावा म्हणून हे लिहीत नाही. या छंदाने मला एक चूक दाखवून दिली आणि ती दाखवली तेव्हा सुधारायला उशीर झाला होता, म्हणून लिहितो आहे.

आमचे मूळ घर आंबोलीचे. तळकोकण आणि घाटमाथा यांच्या सांध्यावरचे हे गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि जूनपासून पुढे चार महिने अंगणातला फणसही दिसू नये असे धुके. आमच्याकडे दशावताराच्या प्रयोगाला ‘खेळ’ म्हणतात. ‘आज खेळ खंय?’ असे कोणी विचारले तर कोणत्या देवळाच्या जत्रेत आज दहीकालो आहे, एवढाच त्याचा अर्थ. माझे धाकटे काका तीसहून अधिक वर्षे एका दशावतारी मंडळात स्त्रीभूमिका करत होते. तारामती, द्रौपदी, अनसूया. मी मात्र ‘खेळ’ हा शब्द वेगळ्याच वस्तूसाठी वापरायला शिकलो, आणि या दोन अर्थांचे नाते माझ्या लक्षात यायला निम्मे आयुष्य गेले.

विज्ञानकथेची गोडी शाळेतच लागली होती, ती जयंत नारळीकरांमुळे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले, ही हकीकत आमच्या शिक्षकांनी वर्गात रंगवून सांगितल्याचे आठवते. पुढे कॉलेजसाठी कोल्हापूरला गेलो. तेथे एका मित्राच्या संगणकावर ‘हाफ-लाइफ’ पाहिला. 1998 सालचा हा खेळ. त्याचे कथालेखन मार्क लेडलॉ या विज्ञानकथाकाराने केलेले. आरंभी काही मिनिटे काहीच घडत नाही. एका भूमिगत प्रयोगशाळेत आपण एका छोट्या गाडीतून कामावर जातो, खिडकीतून इतरांची कामे पाहतो. मग प्रयोग सुरू होतो. एका गाड्यावर ठेवलेला नमुना किरणांच्या झोतात ढकलायचा असतो. तो आपणच ढकलतो, आणि त्यातून सगळा अनर्थ होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कादंबरीतल्या शास्त्रज्ञाने तो गाडा ढकलला असता, तर मी त्याच्या हव्यासाविषयी एक बरा परिच्छेद लिहिला असता. येथे ढकलणारा मी होतो. न ढकलता खेळ पुढे सरकला नसता हे खरे, पण म्हणून हाताला झालेली जाणीव पुसली जात नव्हती. या खेळांवरचे माझे प्रेम तेथून सुरू झाले.

ते प्रेम डोळस आहे असे मला म्हणता यावे, म्हणून त्यावरचा मुख्य आक्षेप आधी मांडतो. हे खेळ निवडीचे स्वातंत्र्य देतात अशी त्यांची जाहिरात असते, आणि ती बरीचशी खोटी असते. 2007 च्या ‘मास इफेक्ट’मध्ये एका ग्रहावर आपल्या दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येते. हा निर्णय 2010 आणि 2012 मध्ये आलेल्या पुढच्या दोन भागांतही आपल्याबरोबर येतो. मागे राहिलेला परत येत नाही. मी त्या पडद्यापुढे बराच वेळ थांबून राहिलो होतो. परंतु तिसऱ्या भागाच्या अखेरीस शेकडो निर्णय दोनतीन दारांत येऊन थांबले, तेव्हा जगभरचे खेळाडू इतके संतापले की कंपनीला त्याच वर्षी वाढीव शेवट द्यावा लागला. 2007 च्याच ‘बायोशॉक’ने तर या स्वातंत्र्याची उघड थट्टा केली. समुद्रतळाशी उभारलेल्या एका भग्न नगरीत रेडिओवरचा एक माणूस आपल्याला अगदी अदबीने कामे सांगत जातो आणि आपण ती करत जातो. अर्ध्याहून अधिक वाट सरल्यावर कळते, की ती अदब हाच हुकूम होता आणि तो मोडण्याचा विचारही आपल्या मनात आला नव्हता.

शेवट जर आधीच लिहून ठेवलेला असेल, तर खेळणारा करतो तरी काय? या प्रश्नावर मी एक लेख लिहायला घेतला होता. त्यात पाश्चात्त्य समीक्षकांची नावे बरीच होती आणि उत्तर नव्हते. ते पुढे आंबोलीत मिळाले, तेही माडीवरच्या खोलीत, गळक्या कौलांखाली.

2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे महाविद्यालय बंद झाले आणि पावसाच्या तोंडावर मी गावी आलो. काका एकटेच होते. मंडळाचे खेळ मार्चमध्येच थांबले होते. तसे त्यांनी रंग लावणे त्याआधी काही वर्षे, दम्यामुळे, सोडलेच होते. शिकवण्यापुरतेही नेटवर्क नव्हते. सावंतवाडीला एका ओळखीच्या घरी बसून मी ‘आउटर वाइल्ड्स’ हा खेळ लॅपटॉपवर उतरवून घेतला होता. वीज असेल तेव्हा तो खेळत असे. काकांना रात्री झोप येत नसे. घोंगडी पांघरून ते शेजारी येऊन बसत.

हा खेळ मे 2019 मध्ये आला. अॅलेक्स बीचम या अमेरिकन विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रकल्पातून तो वाढला आणि 2020 मध्ये त्याला ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. एका लहानशा सूर्यमालेतल्या वनग्रामातून आपण लाकडी यानात बसून निघतो. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळे संपते, आणि आपण पुन्हा त्याच शेकोटीपाशी डोळे उघडतो. शस्त्र नाही, धन नाही, अंगी येणारे नवे बळ नाही. एका फेरीतून दुसरीत जाते ते फक्त मागच्या फेरीत कळलेले. फार पूर्वी या ग्रहांवर नोमाई नावाचे लोक राहत होते. ते नाहीसे झाले. त्यांचे संवाद भिंतींवर चक्राकार ओळींत लिहिलेले राहिले. एकाने काही विचारलेले, दुसऱ्याने त्याला फाटा फोडून उत्तर दिलेले. ते वाचत, जोडत, काय घडले असावे हे ताडत जायचे, हाच खेळ. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे काम परके वाटू नये.

खेळ इंग्रजीत, तेव्हा मी काकांसाठी मोठ्याने मालवणीत सांगत असे. आधी कौतुकापोटी सांगायचो. पुढे त्यांनाच चैन पडेना. दूरच्या ग्रहांवरचे प्रवासी आपापले वाद्य वाजवत असतात आणि एका यंत्राने ते सूर अवकाशातून ऐकता येतात. काकांना ते फार आवडले. बॅंजो, बासरी, ढोल, तोंडाने वाजवायचा बाजा हे एकाच गाण्याचे तुकडे आहेत, हे माझ्याआधी त्यांनी ओळखले. ‘सगळे एकाच नाटकातले आसत, पण लांब लांब बसलेहत,’ ते म्हणाले.

एका काळोख्या ग्रहात राक्षसी मासे आहेत. त्यांच्या तावडीत मी कितीदा सापडलो याची गणती नाही. मग दुसऱ्याच ग्रहावरच्या एका गुहेत नोमाई मुलांनी लिहून ठेवलेले त्यांच्या खेळाचे नियम सापडले: जो मासा होईल त्याने डोळ्यांना पट्टी बांधायची, बाकीच्यांनी आवाज न करता त्याच्याजवळून निसटायचे. मी वाचत असतानाच काका खोकत खोकत हसू लागले. ‘अरे, ही आंधळी कोशिंबीर! तो मासो आंधळो आसा. तू यान बंद कर नि गप जा.’ मी यंत्र बंद केले आणि यान नुसतेच वाहू दिले. माशांच्या जबड्यांजवळून आम्ही दोघे श्वास रोखून पार झालो. केव्हाच नाहीशा झालेल्या पोरांच्या एका खेळाने आम्हाला वाचवले होते.

त्याच आठवड्यात काकांनी विचारले, ‘सूर्य फुटतलो ह्या तुका ठावक आसा. मगे खेळतंस कित्याक?’

मी त्यांना माझ्या अपुऱ्या लेखातले काहीबाही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘संकासूर मरतलो ह्या पोरांका सुद्धा ठावक असता. पण आज तो काय बोलान मरतलो, ता खंय कोणाक ठावक असता?’

हे वाक्य समजायला दशावताराची रीत ठाऊक हवी. त्याला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान करायचे हे कित्येकदा त्याच संध्याकाळी ठरते. नट स्वतःच तोंडाला रंग लावत असतात. तेवढ्यात मंडळातला जाणता माणूस कथेचा सांगाडा सांगतो आणि भूमिका वाटून देतो. संवाद ज्याचे त्याने, उभ्या उभ्या, समोरच्याचे ऐकून बोलायचे. द्रौपदीचे वस्त्र फेडले जाणार आणि कृष्ण धावून येणार, हे बदलता येत नाही. परंतु सभेला ती काय विचारील, हे त्या रात्रीच्या द्रौपदीवर असते. ‘समोरचो काय म्हणता ता आयकूचा, मगे आपला म्हणूचा. पाठ केलेला थंय उपेगाक येणा नाय,’ असे काका म्हणत. माझ्या लेखाला जे उत्तर हवे होते ते एवढेच होते. शेवट बदलण्याची सत्ता मला नको होती. ठरलेल्या शेवटापर्यंत कसे चालत गेलो याचा जाब माझ्याकडे असावा, यासाठी मी खेळत होतो. ‘हाफ-लाइफ’चा तो गाडा मला झोपू देत नव्हता, तो याच कारणाने.

हे सगळे इतके नीट जुळले, की मी खूश झालो. काकांचे वाक्य टिपून ठेवले. लेख पुढे सरकू लागला. आणि येथेच माझी चूक आहे.

एम. ए. ला असताना लोकसाहित्याच्या तासाला सरांनी विचारले होते, कोणाच्या घरी दशावताराची परंपरा आहे का? मी हात वर केला नाही. लुगडे नेसून नाचणाऱ्या काकांची मला लाज वाटत होती, हे एक. दुसरे कारण अधिक प्रतिष्ठित होते: ज्याला संहिता नाही, ते साहित्य कसे, असे मला मनापासून वाटत असे. पुढे माझ्या खेळांविषयी ‘हे काय साहित्य?’ असे सहकारी म्हणू लागले तेव्हा मी दुखावलो. पण हाच प्रश्न मी एकदा माझ्या घरातल्या माणसाला लावला होता, हे तेव्हा आठवले नाही. 2020 च्या त्या पावसाळ्यातही आठवले नाही. तीन महिने मी एका कल्पित, नामशेष जमातीच्या भिंतींवरची एकेक ओळ उलगडत बसलो होतो. एखादे वाक्य सुटले तर बावीस मिनिटे खर्चून परत जात होतो. आणि शेजारी, हाताच्या अंतरावर, असा एक माणूस बसला होता ज्याच्या तारामतीने स्मशानात हरिश्चंद्राला शेकडो रात्री शेकडो प्रकारे उत्तर दिले होते. त्यातले एकही उत्तर कोठे लिहिलेले नव्हते. ‘काका, तुमची तारामती काय म्हणायची?’ असे मी एकदाही विचारले नाही. फोनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय होती.

सप्टेंबरात मी कोल्हापूरला परतलो. 2022 च्या थंडीत काका गेले.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत मला एक वही मिळाली. ती उघडताना हात थरथरले हे कबूल करतो. आत हिशेब होता. तारीख, गावाचे नाव, आख्यान, आपली भूमिका आणि त्या रात्रीचे मिळालेले पैसे, पानेच्या पाने. ‘तारामती’ हा शब्द मी मोजू लागलो आणि मग मोजणे सोडून दिले. तिचे वाक्य एकही नव्हते. असते तरी ते काकांच्या मते उपयोगाचे नव्हते. समोरचा हरिश्चंद्र काय म्हणाला, ते कुठे होते?

‘आउटर वाइल्ड्स’ आम्ही पुरा केला होता. त्याचा शेवट येथे सांगत नाही. ज्यांना खेळायचा असेल त्यांनी खेळावा. लेख मात्र मी पुरा केला नाही. त्याऐवजी गेली तीन वर्षे डिसेंबरात सुट्टी काढून गावी जातो. काकांच्या मंडळातल्या जुन्या पखवाजवाल्याकडे जाऊन बसतो आणि, काकांच्या तारामतीचे काय आठवते, असे विचारतो. त्यांना शब्द आठवत नाहीत. कोणत्या ठिकाणी तिने श्वास घेतला की थाप द्यायची, ते मात्र हाताला आठवते. ते मांडीवर वाजवून दाखवतात. मधल्या रिकाम्या जागेत ती काहीतरी बोलत असणार. मी ते ध्वनिमुद्रित करून ठेवतो.