नातवंडांची अकरावी आणि घराचे स्वास्थ्य

दहावीचा निकाल लागला की वाकडमधील माझ्या दवाखान्यात दोन पिढ्यांची दुखणी एकाच वेळी वाढतात. आजोबांचा रक्तदाब चढतो, नातीची डोकेदुखी थांबत नाही आणि तपासण्यांत काही सापडत नाही. विचारपूस केली की कळते, अकरावीच्या अर्जावरून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात मांडावासा वाटला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी जुनी अकरावीची मॅट्रिक दिली असेल. दहावीची शालान्त परीक्षा १९७५ साली सुरू झाली. आज अकरावीत निवडलेले विषय पुढची दारे उघडतात किंवा बंद करतात, आणि ते बारावीत सहजासहजी बदलता येत नाहीत.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. आजोबांना पक्षाघात झाला, तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे काम नातू रोज जवळून पाहत असे. आजोबा काठीच्या आधाराने चालू लागले आणि मुलाने आपल्या मनाशी तोच व्यवसाय ठरवला. वडील हिंजवडीत संगणक क्षेत्रात नोकरीला. त्यांनी मुलासाठी विज्ञान शाखा आणि द्विलक्षी संगणकशास्त्र पक्के केले होते. मुलगा वडिलांपुढे बोलेना, जेवणही तुटले. हे प्रथम ध्यानात आले ते आजींच्या. त्या त्याला पोटदुखीच्या निमित्ताने माझ्याकडे घेऊन आल्या.

पोटात दोष नव्हता. तो विषयांच्या मांडणीत होता. राज्य मंडळाच्या बारावीला शंभर गुणांचे सहा विषय असतात. द्विलक्षी विषय दोनशे गुणांचा. तो दुसरी भाषा आणि आणखी एका विषयाची जागा घेतो. इंग्रजी, भौतिक, रसायन आणि गणित धरले की जीवशास्त्राला जागाच उरत नाही. फिजिओथेरपीच्या पदवीला मात्र बारावीत जीवशास्त्र हवे आणि प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावी लागते. अर्ज तसाच गेला असता, तर मुलाचा मार्ग कोणाच्या लक्षातही न येता अडला असता.

मी वडिलांना बोलावून घेतले. शेवटी इंग्रजी, माहिती तंत्रज्ञान, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असे सहा विषय ठरले. माहिती तंत्रज्ञान हा शंभर गुणांचा विषय दुसऱ्या भाषेऐवजी घेता येतो. वडिलांचा संगणक राहिला, मुलाचे जीवशास्त्रही राहिले. बाप-लेक एका ताटाशी बसले, आणि पोटदुखीची तक्रार पुन्हा आली नाही.

आजी-आजोबांनी यातून काय घ्यावे? नातवंडाला ‘तू कोण होणार?’ असे विचारण्याऐवजी ‘तुला काय करताना वेळेचे भान राहत नाही?’ असे विचारावे. मग त्या वाटेच्या पदवीला कोणते विषय सक्तीचे आहेत, हे अर्ज भरण्यापूर्वी घरातील जाणत्या माणसाकडून लिहून घ्यावे. अभियांत्रिकीला भौतिक आणि गणित लागते, वैद्यकीयला भौतिक, रसायन व जीवशास्त्र. कोणत्या बाजूला जायचे हे ठरत नसेल आणि मुलाला पेलणार असेल, तर गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवणे श्रेयस्कर. शेजारच्या सोसायटीतील मुलाचे गुण मात्र जेवणाच्या वेळी काढू नयेत.

उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात ३५ गुण लागतात, आणि परीक्षेला बसण्यासाठी महाविद्यालयात ७५ टक्के हजेरी. दिवसभर क्लास आणि रात्री जागरण, असे वेळापत्रक आखणाऱ्या पालकांना हे सांगावे. त्याचबरोबर या वयाला रोज किमान आठ तासांची झोप आवश्यक आहे, हेही सांगावे. दहावीत दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण झालेल्यांनाही एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळू शकतो. तेव्हा नापास होणे म्हणजे सारे संपले, असे घरात कोणी उच्चारू नये.

मूल दोन आठवडे नीट झोपत नसेल, जेवत नसेल, मित्रांना टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे एकदाही म्हणाले, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. टेलिमानसची १४४१६ ही शासकीय सेवा अहोरात्र आणि विनाशुल्क उपलब्ध आहे. आई-वडील कामावर असताना मूल कोणाच्या नजरेसमोर असते, तर बहुधा आपल्याच. ते बोलू लागले, की आपण फक्त ऐकून घ्यावे.