शंभर दाणे आणि पत्र्याची शेड



यंदा उन्हाळ कांद्याचं बी पोरानं आणलं. घरगुती, ओळखीतलं, सहा किलो. एकरी तीन किलोप्रमाणे दोन एकराचा हिशोब. वाफे तयार होते, शेणखत पडलं होतं. पोरगं म्हणालं, "दादा, उद्या सकाळी फोकून टाकू." मी म्हणलं, आधी शंभर दाणे मोज.

त्याला वाटलं चेष्टा करतोय. मग मीच ओट्यावर बसलो. पिशवीच्या वरून, मधून, तळातून चिमूट चिमूट बी घेतलं, एकत्र केलं आणि त्यातले शंभर दाणे मोजले. निवडून नाही, जे हाताला येतील ते. निवडून घेतले की आपणच आपल्याला फसवतो. सुती फडकं भिजवून पिळलं, दहा-दहाच्या ओळी मांडल्या, गुंडाळी करून सावलीत ठेवली. फडकं ओलं पाहिजे, पण पाणी ठिबकायला नको, नाहीतर दाणा कुजतो आणि दोष बियाण्याला लागतो. कांद्याची पहिली मोजणी सहाव्या दिवशी, शेवटची बाराव्या दिवशी.

सहाव्या दिवशी निघाले अडतीस.

पोराचं तोंड उतरलं, पण ऐकायला तयार नाही. "उशीर होतोय, बाकीचे रानात उगवतील." रोप टाकायला बारा दिवस थांबायचं म्हणजे लागण तेवढी पुढं जाणार, आणि शेवटी गारपिटीच्या तोंडी कांदा सापडायची भीती. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. शेवटी सातव्या दिवशी दुसरीकडून पावतीचं बी तीन किलो आणून एका एकराचं रोप टाकलं आणि उरलेल्यासाठी थांबलो. बाराव्या दिवशी आकडा आला चोपन्न.

आता हिशोब बघा. प्रमाणित बियाण्याला कांद्यासाठी किमान ७० टक्के उगवण लागते. चांगलं बी ८० टक्के धरलं तर तीन किलोतलं जिवंत बी झालं दोन किलो चारशे ग्रॅम. तेवढंच जिवंत बी या ५४ टक्केवाल्यातून काढायचं तर साडेचार किलोच्या आसपास टाकावं लागणार. म्हणजे सहा किलोत दोन एकर नाही, सव्वा-दीड एकर. त्यातून जे उगवेल तेही जोमाचं असेल याची खात्री नाही. कांद्याचं बी लवकर जुनं होतं. गेल्या सालचं शिल्लक यात मिसळलं असावं असा माझा अंदाज. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, त्याच्याशी माझं बोलणं झालंय.

पण आज लिहायचं होतं ते बियाण्याबद्दल नाही. पोरानं रात्री जेवताना विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्याचं उत्तर देताना मला जरा अडखळायला झालं. का, ते पुढं सांगतो.

माझं हायस्कूल मामाच्या गावी, पाबळला झालं. शिरूर तालुक्यातलं गाव, तेव्हा सगळा कोरडवाहू भाग. मी आठवीत गेलो १९८६ ला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८३ साली, डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे शास्त्रज्ञ तिथं येऊन राहिले होते. अमेरिकेत पीएचडी केलेला, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस, आणि पाबळच्या माळावर विज्ञान आश्रम काढून बसला. मामाला ते कोडंच होतं. सर २००३ साली गेले. मी त्यांना जास्त करून लांबूनच पाहिलं. आमचा रोजचा संबंध निदेशकांशी.

आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस पुस्तक बंद. चार विभाग होते: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. पोरं-पोरी सगळ्यांना सगळं. पोरी वेल्डिंग करायच्या आणि आम्ही पोरं चिक्की करायचो. मामी हसायची. पुढं एसएससी बोर्डानं पूर्व-व्यावसायिक विषय म्हणून त्याला मान्यता दिली आणि बऱ्याच शाळांत तो गेला.

खरं सांगायचं तर मी हुशार विद्यार्थी नव्हतो. इंग्रजी आणि बीजगणितात कसाबसा तरलो. पण त्या एका दिवसाची वाट बघायचो. तिथं निदेशक "उत्तर काय?" असं विचारायचे नाहीत, "किती भरलं?" असं विचारायचे. भिंत सरळ दिसते हे चालायचं नाही, ओळंबा लाव. दोन वाफे एका पातळीत आहेत हे डोळ्यानं सांगायचं नाही, पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धर. आणि जे काही केलं त्याचं कॉस्टिंग वहीत पाहिजे: माल किती, मजुरी किती, वीज किती. चिक्कीचंसुद्धा. माझी पहिली चिक्की बाजारभावापेक्षा महाग पडली होती, कारण मी गूळ करपवला आणि तो खर्च निदेशकांनी माझ्याच वहीत लिहायला लावला.

ज्वारीचे शंभर दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण काढायचं तिथंच शिकलो. गाईचं वजन टेपनं काढायचंही तिथंच. छातीचा घेर इंचात, घेर गुणिले घेर, गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, की आलं वजन किलोत. घेर ६६ इंच आणि लांबी ५६ असेल तर साधारण ३७० किलो. आजही जंताचं औषध पाजायच्या आधी मी टेप लावतो. आमचे डॉक्टर पहिल्यांदा बघून म्हणाले, हे कुठलं? आता ते स्वतःच विचारतात, "तात्या, टेप लावली का?"

आणि पाणी शोधायचं यंत्र. आश्रमाकडून जमिनीचा विद्युत-रोध मोजायचं काम चालायचं. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्ट मोजायचे. खुंट्यांमधलं अंतर वाढवत नेलं की जास्त खोलीचा अंदाज येतो. आम्ही पोरं खुंट्या आणि वायरी वाहायचो, आकडे लिहायचो. तेव्हा एक गोष्ट डोक्यात बसली की ते यंत्र पाणी दाखवत नाही, रोध दाखवतं. पाणी आहे की नाही हा आपला अंदाज, आणि तो चुकू शकतो. नारळ हातावर उभा करून "तीनशे फुटाला अडीच इंच" असं छातीठोक सांगणाऱ्या पाणाड्याला लोक पैसे देतात आणि "शक्यता आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवत नाहीत. हे काही अजून बदललेलं नाही.

दहावी झाली १९८९ ला. वडील आजारी, घरची जमीन बघायला कुणी नाही, म्हणून गावी जुन्नर तालुक्यात परत आलो. शिक्षण तिथंच थांबलं.

म्हणजे मी सगळं मोजूनच करत आलो असं नाही हो. एक वर्ष असं आलं की माझाच अर्धा एकर कांदा मी जाळला. तणनाशकाचं. पंपाला किती मिली एवढं विचारून आलो आणि तेवढंच टाकलं. पण त्या वर्षी नोझल नवीन घेतलं होतं आणि फवारणारा गडी सावकाश चालणारा. एरवी एकराला तेरा पंप लागायचे, त्या दिवशी वीसच्या हिशोबानं गेले. म्हणजे औषध दीडपट पडलं. पात पांढरी पडून करपली तेव्हा मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. घरी येऊन पंप मोजले आणि गप्प बसलो. खरं तर शाळेत शिकवलं होतं: साधं पाणी भरून आधी एक गुंठा, ३३ बाय ३३ फूट, फवारून बघायचं. किती लिटर गेलं त्याला चाळीसनं गुणायचं, ते एकराचं पाणी. पाच लिटर गेलं तर दोनशे लिटर. मग औषध एकराच्या मात्रेनं त्यात वाटायचं. नोझल बदललं, माणूस बदलला, की पुन्हा मोजायचं. दहा मिनिटांचं काम. केलं नाही.

तर मुद्दा असा. आमच्या पंचक्रोशीतल्या एका शाळेत हा विषय बरीच वर्षं चालू आहे. पत्र्याची शेड आहे, वेल्डिंग मशीन आहे, दोन व्हाईस, सुताराचं सामान, मागं थोडी रोपवाटिका. शाळेचं नाव सांगत नाही, कारण भांडण लावायचं नाही. गेल्या महिन्यात तिथं पालकांची बैठक झाली. शेड मोकळी करून तिथं स्पर्धा परीक्षेचे वर्ग घ्यायचे असं काहींचं म्हणणं. कारणंही दिली. निदेशकाचं मानधन कुठून द्यायचं? मुलाच्या हाताला भाजलं तर जबाबदार कोण? आणि मोठं कारण एका आईनं सांगितलं. तिचा नवरा लोकांच्या रानात मजुरीला जातो. ती म्हणाली, "आमच्या पोरांनी शाळेत येऊनबी खोरंच धरायचं का?"

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. निदान माझ्याकडं नव्हतं.

तरी मी बोलायला उठलो. पाबळचं सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, हाताच्या कामाचे ठेवायला सांगितलेत, तेही सांगितलं. आपल्याकडं असलेलं आपण मोडायचं आणि पुन्हा शोधत बसायचं का, असं म्हणलं. लोक ऐकत होते. तेवढ्यात मागून एकजण बोलला, "तात्या, तुमचा पोरगा कुठं शिकला?"

मी खाली बसलो.

कारण तो विचारत होता ते खरं होतं. २००७ साली माझा पोरगा आठवीत जाणार तेव्हा हीच शाळा, हीच शेड इथं होती. मी त्याला तिथून काढला आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातला. पिवळ्या बसनं जायचा, बूट-टाय. माझ्या मनात तेव्हा नेमकं त्या आईचंच वाक्य होतं, फक्त मी ते मोठ्यानं बोललो नाही. ज्या शेडीनं मला उभं केलं ती माझ्या पोराला कमीपणाची वाटेल असं मला वाटलं. त्याला नाही वाटलं, मला वाटलं. तो बी.कॉम. झाला, कंपनीत लागला, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी आला आणि शेतीत राहिला. पोरगं हुशार आहे, बाजार त्याला माझ्यापेक्षा चांगला कळतो, बँकेचं काम मला जमत नाही ते तो मोबाईलवर उरकतो. पण मोटर बंद पडली की फोन लावतो. फ्यूज बघत नाही.

जेवताना त्यानं विचारलं ना, कुणी शिकवलं, तेव्हा मला हे सगळं सांगावं लागलं. बैठकीचंही सांगितलं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी वेल्डिंगला बसलो असतो." एवढंच. त्याच्या आईनं विषय बदलला.

त्या बाईचं बोलणं मात्र डोक्यातून जात नाही. खोरं मारणं आणि खोरं किती खोल मारायचं हे मोजणं यात फरक आहे, असं तिला सांगायला पाहिजे होतं. पण नुसतं सांगून ते पटणार नाही. ती शेडमध्ये आलीच नाही कधी. कुठल्याच पालकाला आम्ही कधी बोलावलं नाही, ही चूक आमची.

म्हणून असं ठरवलंय. येत्या शनिवारी शेड उघडी ठेवायला मुख्याध्यापकांनी हो म्हणलंय. नववीची पोरं-पोरी आलेल्या पालकांच्या घरच्या बियाण्याची उगवण लावून देतील. येताना प्रत्येकानं मूठभर बी आणायचं, हरभरा, गहू, कांदा, जे पेरायचं असेल ते. पंपही आणा, एक गुंठा साध्या पाण्यानं मोजून देऊ. मजुरीला जाणाऱ्या ताईंना मी स्वतः जाऊन सांगितलंय. येते म्हणाल्या नाहीत, बघते म्हणाल्या. त्यांची मुलगी नववीतच आहे.

उरलेल्या सहा किलोचं आम्ही असं केलं: साडेचार किलो एका एकराला दाट टाकलं, दीड किलो ठेवलं नांगं भरायला. दोन्ही वाफे शेजारी आहेत, पाणी एकाच दिवशी. पोरानं काल स्वतःहून एक फूट बाय एक फुटाची काठ्यांची चौकट केली आणि दोन्हीकडं रोपं मोजली. पावतीच्या बियाण्याकडं एकशे बारा, घरगुतीकडं सत्त्याण्णव. चौकटीचा एक कोपरा काटकोनात नाही. शनिवारी गुण्या आणायला सांगितलाय त्याला.